दौंडची गुरुवारची खोली

नोकरीतली बरीच प्रकरणं विस्मरणात गेली. शिरूर तालुक्यातलं एक मात्र अजून मनातून जात नाही, कारण त्यात चूक माझी होती.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. मी फौजदार होतो. न्हावऱ्याच्या पुढच्या एका गावात गुरुवारी दिवेलागणीला विहिरीवरची मोटार चोरीला गेली. राखणीला असलेल्या म्हाताऱ्या आबांच्या डोक्यात चोरांनी पहार घातली. आबा पुण्याच्या रुग्णालयात बेशुद्ध. गाव खवळलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबऱ्याने एक नाव दिलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देणारा मिस्त्री, वय चाळिशीचं, तालुक्यात नावाजलेला दारुडा. पूर्वी एकदा दारूच्या नशेत तो आबांच्या अंगावर धावून गेला होता. गुरुवारी दुपारीच गावातून बाहेर पडला आणि उशिरा एका ट्रकमधून उतरला, हेही लोकांनी पाहिलेलं. मी त्याला उचलला.

"गुरुवारी संध्याकाळी कुठं होतास?"

"दौंडला."

"कुणाकडं?"

तो म्हणाला, "साहेब, मारायचं तर मारा. पर तिथल्या मान्सांची नावं मी सांगनार न्हाई."

टोळी आहे, अशी माझी खात्री झाली. मी त्याच्या थोबाडीत मारली. हे लपवण्यात अर्थ नाही. त्याने हात वर केला नाही, नजरही खाली घातली नाही. कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

शनिवारी त्याची बायको भाकरी घेऊन ठाण्यात आली. मी तिलाही खडसावलं, "दौंडला कुणाकडं जातो तो?"

"मला न्हाई ठावं, साहेब. आठ म्हैने झालं, दर गुरवारी जात्यात. तवापासनं घरात बाटली न्हाई."

"गाव तर म्हणतंय, लपून पितो."

"गाव माझ्या घरात ऱ्हातंय व्हय?" ती म्हणाली. "कुठं जाता म्हून मी कवा इचारलं न्हाई. इचारलं आन् जायचं बंद केलं तर?"

तिच्या या बोलण्याने मी पहिल्यांदा थबकलो. पुढच्या गुरुवारी साध्या कपड्यांत एकटाच दौंडला गेलो. दर गुरुवारी दारू सोडणारी माणसं इथं कुठं जमतात, हे स्टेशनबाहेर पानवाला, चहावाला, कुणालाच सांगता येईना. शेवटी देशी दारूच्या दुकानदाराला विचारलं. तो हसला. "आमची गिऱ्हाइकं पळवणारी मंडळी ना? रेल्वे कॉलनीत जुन्या वाचनालयाच्या मागं खोली आहे बघा."

खोलीत दहाबारा माणसं बाकांवर बसलेली, स्टोव्हवर चहा. एकेक जण उठून आपण दारूपायी काय काय केलं ते सांगत होता. कुणी हसत नव्हतं, कुणी उपदेश करत नव्हतं. आरोपींकडून कबुलीजबाब काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. इथे माणसं न विचारता बोलत होती. मी शेवटपर्यंत बसून राहिलो.

मग ओळख सांगितली. "तुमचा मिस्त्री माझ्या कोठडीत आहे. गेल्या गुरुवारी तो इथं होता का?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बैठक चालवणारे निवृत्त इंजिन ड्रायव्हर म्हणाले, "साहेब, इथं हजेरी नसते. इथलं बोलणं बाहेर जात नाही, त्या भरवशावरच माणसं येतात."

"मला एक जबाब हवा. सहीनिशी."

मागच्या बाकावरचे एक प्राथमिक शिक्षक उठले. "माझा घ्या."

"गुरुजी, पोरीचं लग्न ठरलंय तुमच्या," ड्रायव्हर म्हणाले. "नाव कागदावर येईल."

"येऊ दे. त्या गुरुवारी संध्याकाळी मी परत प्यायला निघालो होतो. मिस्त्रीनं परतीची एसटी सोडून दिली आणि माझ्याजवळ बसून राहिला. मी आता गप्प बसू?"

त्यांचा जबाब घेतला. दोन दिवसांनी आबा शुद्धीवर आले आणि मारणारे दोघे अनोळखी होते, असं त्यांनी सांगितलं. कलम १६९ प्रमाणे पुरावा नसल्याचा अहवाल पाठवून मी मिस्त्रीला सोडलं. खरे चोर पुढे शेजारच्या जिल्ह्यात एका भंगारवाल्याकडे सापडले. गुरुजींची बातमी मात्र फुटलीच. मुलीच्या सासरची मंडळी चौकशीला आली, तेव्हा गुरुजींनी काही न लपवता स्वतःच सगळं सांगितलं. लग्न मोडलं नाही.

मिस्त्रीला दारू सोडून वर्ष झालं, त्या गुरुवारी दौंडच्या खोलीवर यायचा मला निरोप आला. मी गेलो. त्याची बायकोही पहिल्यांदाच आली होती. तो उभा राहिला. "सुटलो त्या दिवशी लई प्यावं वाटलं. साहेबांनी मारलं त्याचं न्हाई एवढं, पर गावानं एका दिसात खरं मानलं, ते लागलं. दुकानाम्होरं उभा ऱ्हायलो. मंग दौंडची गाडी धरली, गुरुजींचं घर गाठलं."

मी उठून सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. त्याने खाली बसत, बाजूला सरकून बाकावर मला जागा करून दिली, एवढंच.

वाईट चालीच्या माणसांची नोंद प्रत्येक ठाण्यात असते. कोण सुधारला, याची नोंद कुठेच नसते. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत खबऱ्याने कुणाचंही नाव दिलं, की मी आधी एकच विचारायचो: हे पूर्वीचं झालं, आता तो कसा आहे?