दहाच्या नाण्यावरची माझी खूण

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. आर्वी तालुक्यातील एका ठाण्यात मी तेव्हा बीट जमादार होतो. शिक्षण मॅट्रिक नापास. तथापि माझ्या पंचनाम्यात वकिलाला बोट ठेवायला जागा सापडली नाही, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन आता मी कचेरीसमोर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहितो.

आमच्या भागात दहाचे नाणे दुकानदार घेत नाहीत. ते खोटे असते, अशी समजूत एकदा पसरली ती पसरलीच. मी स्वतःही ते घेत नसे. अशा दिवसांत रोहण्याकडच्या एका गावातून खबर आली. खबर देणारा किराणा दुकानदार होता. गावातला एसटीचा निवृत्त कंडक्टर दहाच्या नाण्यांची पाकिटे घरी आणतो आणि ओट्यावर उन्हात बसून एकेक नाणे भिंगाखाली उलटसुलट करतो, असे त्याने सांगितले. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "जमादार, असली नाणं कोन भिंगानं पाह्यते? ज्यानं बनवलं तोच पाह्यन ना."

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. स्टेशन डायरीत नोंद करून मी दोन शिपाई व दोन पंच घेऊन निघालो.

कंडक्टर ओट्यावरच सापडले. साठीचे, किरकोळ अंगाचे. पुढ्यात फोडलेली पाकिटे होती, हातात भिंग होते. आत त्यांची पत्नी शिलाई मशीनवर बसली होती. झडतीत डब्यात कापसात गुंडाळलेले एक नाणे मिळाले. त्याची मधली पांढरी चकती बाहेरच्या पिवळ्या कड्यावर सरकून चढली होती. खोटे नाणे पाडणाऱ्याचा हात चुकला, हे माझ्यासारख्या अनुभवी माणसाला सांगावे लागत नव्हते. मी ते चिमटीत धरताच कंडक्टर उठून उभे राहिले.

"साहेब, कडेनं धरा त्याले. तोंडावर बोट नका लावू जी."

आरोपी आपल्याला पुरावा कसा धरायचा ते शिकवतो, याचा मला राग आला. आत मशीन थांबले. "जेवून तरी घेऊ द्या त्याईले," बाई म्हणाल्या. मी घेऊ दिले नाही.

ठाण्यात त्यांना बाकावर नव्हे, जमिनीवर बसवले. बँकेतून नवी पाकिटे आणतो, एखादे चुकून वाकडे पडलेले नाणे निघते का ते शोधतो, बाकीची परत भरतो, असे त्यांनी सांगितले. उभ्या नोकरीत सुटे पैसे हाताळले, तेव्हापासून नाणे न्याहाळायची सवय लागली. सहा वर्षांत असे हे एकच निघाले. रविवारी नागपूरहून एक संग्राहक ते पाहायला येणार होता. त्याने सांगितलेल्या किमतीत पत्नीसाठी पिको-फॉलची मशीन घ्यायची होती. बाईंची नजर साड्यांच्या फॉलच्या हातशिलाईने अधू होत चालली होती.

मी त्यातला फक्त 'नागपूरहून माणूस' एवढाच भाग ऐकला. टोळीचा धागा मिळाला असे वाटून मी एक थप्पड मारली. त्यांनी गालाला हात लावला नाही. नजर टेबलावरच्या नाण्यावर होती.

मुद्देमालाची पुढे ओळख पटावी म्हणून त्यावर खूण करण्याची आमच्याकडे रीत होती. कागदात बांधून, लाख लावून, वर पंचांच्या सह्या घेतल्या असत्या तरी पुरले असते. पण केसचे कागद शिवायचे दाभण समोर होते. त्याच्या टोकाने मी नाण्याच्या चकतीवर माझ्या बक्कल नंबरचे शेवटचे दोन आकडे कोरले. कंडक्टर "साहेब" एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या रोखपाल बाईंना बोलावले. त्या म्हणाल्या, "पाकिटं मीच दिली. नाणी मागून नेणारा गावात हा एकच माणूस आहे. माझ्याकडे त्यांच्या सह्या आहेत." मग त्यांनी ते नाणे उजेडाकडे धरून तपासले आणि निर्वाळा दिला. ते अस्सल होते. टाकसाळीतच चकती सरकली होती.

मी पावती लिहिली. मसुदा माझाच: 'माझे नाणे मला मूळ स्थितीत परत मिळाले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' कंडक्टरांनी खिशातून भिंग काढले आणि नाणे कडेने धरून पाहिले.

"हे आकडे तुमचे काय?"

नियमाप्रमाणे खूण करावी लागते, असे मी सांगितले.

"नियमाचं काई नाई जी. आता हे फकत दहा रुपयाचं झालं."

एवढे बोलून त्यांनी सही केली. वर मलाच म्हणाले, "चला, चहा पाजतो." कालपासून ते उपाशी होते. मला नाही म्हणता आले नाही. टपरीवर त्यांनी तेच नाणे पुढे केले.

"सिक्का नाई चालत, काका. नोट द्या," टपरीवाला म्हणाला.

कंडक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी वर्दीत होतो. 'खरे आहे, घे,' एवढे तीन शब्द पुरले असते. परंतु ते म्हटले असते तर कालचा दिवस मला चारचौघांत कबूल करावा लागला असता. मी माझ्या खिशातून नोट काढून दिली. त्यांनी नाणे पुन्हा कापसात गुंडाळले.

संग्राहक रविवारी आला आणि नाणे पाहून परत गेला, असे नंतर कानावर आले. मशीन आली नाही.

भिंगाने पाहणारा माणूस खोटाच असतो असे नाही, हे मी त्या प्रकरणातून शिकलो. ज्याने पाहायला हवे होते तो मी, आणि मी साध्या डोळ्यांनीही पाहिले नाही. आता एखाद्या अर्जात 'मूळ स्थितीत' हे शब्द घालायची वेळ आली की मी लेखणी थांबवून पक्षकाराला विचारतो, वस्तू खरंच तशीच मिळाली का? लोकांना वाटते, हा फार काटेकोर माणूस आहे. ती पावती मात्र अजून ठाण्याच्या दप्तरात असेल. अक्षर माझे, आणि खाली सही त्यांची.