'डोकं खाणारे' नावाचं फोल्डर

हिंगोलीत बसस्टँडच्या मागे एक छापखाना होता. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, हळदीच्या पाकिटांवरची लेबलं, सगळं तिथं व्हायचं. डिझाइनचा कोर्स करून मी नुकतीच तिथं लागले होते. शेजारच्या कॉम्प्युटरवर काका बसायचे. उभा जन्म छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवलेला माणूस, पन्नाशीत माऊस धरायला शिकला. आतल्या खोलीत तिसरा कॉम्प्युटर होता. तो सर्वर. मालक रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळायचे.

आमची दोघांची सगळी डिझाइनं सर्वरवर जायची, पण एकाच ढिगात. 'लग्न', 'लग्न नवीन', 'फायनल', 'फायनल खरंच', आणि काकांची एक फाइल 'हेच ते'. गिऱ्हाइकाचा दुसरा चहा संपायचा तरी आमची शोधाशोध चालूच.

मी म्हटलं, "काका, तारखेनं लावू या."

"तारीख कोनाच्या ध्यानात राहती? मानूस ध्यानात राहतो," काका म्हणाले. "खिळ्यांच्या पेटीत जास्त लागणारं अक्षर हाताजवळ ठेवतेत. तसं जे लई तकलीफ देतेत, ते वरी ठेव."

मला ते बराबर वाटलं. मी तीन फोल्डर केली: 'डोकं खाणारे', 'फोटो गोरा करा' आणि 'शहाणे लोक'. प्रत्येकात गावं, गावात माणसं. फाइल चुटकीसरशी सापडू लागली. मालक खूश. नावं काही त्यांनी वाचली नव्हती.

एक दिवस साखरा गावचे एक मामा पोरीच्या लग्नाची पत्रिका पाचव्यांदा बदलायला आले. खुर्ची ओढून थेट माझ्या स्क्रीनसमोर बसले. मी फोल्डर उघडलं आणि ते मोठ्यानं वाचू लागले, "डोकं... खाणारे. साखरा. हे तर माझं नाव हाय!"

काका कीबोर्ड पुसायला लागले.

"मामा, ते... चुकून झालं."

"चुकून काहून? पाच बार आलो ना मी," मामा म्हणाले. "माझा चुलतभाऊ कुठं हाय ते दाखव."

तो 'शहाणे लोक'मध्ये निघाला. मामा ताडकन उठले. "त्यो शहाना? बांध कोरून राहिला माझा! काढ त्याला तिथून!"

मी चुलतभावाला उचलून 'डोकं खाणारे'मध्ये टाकलं. मामांनी पत्रिकेत एक अक्षरही बदललं नाही, हसत हसत गेले.

गोष्ट गावोगाव पसरली. सिद्धेश्वरहून दोघं जण काही छापायचं नसताना आले. "आमी कशात हाव?" एवढंच विचारायला. गर्दी कसली म्हणून मालक बाहेर आले आणि स्क्रीनकडे बघत उभे राहिले. 'फोटो गोरा करा'मध्ये पहिलंच नाव त्यांचं होतं, वाढदिवसाच्या बॅनरसाठी.

त्यांनी वाकून आपलं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "मी मुळातच उजळ आहे. त्या फोटोत ऊन कमी होतं."

"व्हय मालक," काका गंभीरपणे म्हणाले.

मालकांच्या हुकमानं दोन दिवस दुसरं काम बंद ठेवून आम्ही सगळ्या फाइली नुसत्या गावांच्या नावानं लावल्या. तशाही त्या पटकन सापडायच्या. फक्त आता सापडताना हसू येत नसे, आणि पुढचे कित्येक आठवडे गिऱ्हाइकं स्क्रीनमध्ये डोकावून हिरमुसली होऊन परत बसायची.