दुखत नाही, आखडलंय

माझ्या आईचे गुडघे कधीच दुखत नाहीत. ते ‘आखडतात’. चोपड्याजवळच्या आमच्या गावात बायकांची कंबर, मान, बोटं, सगळं आखडतंच. दुखतं म्हटलं की दवाखाना आला, आणि घरच्यांचं ‘आता बसून राहा’ आलं. आखडलं म्हटलं की तेल चोळायचं आणि कामाला लागायचं. त्यामुळे आईला उठताना भिंत धरावी लागली, तरी ते आपलं आखडलेलंच.

यंदा उन्हाळ्यात मी देवपूरहून माहेरी गेले आणि तिला ओढतच जळगावला डॉक्टरांकडे नेलं. बसमध्ये चांगलं पढवलं, की दुखतं असं स्पष्ट सांग. डॉक्टरांनी गुडघा दाबला, तेव्हा तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“दुखतं का, आजी?”

“दुखस नही. जरासं आखडेल शे.”

मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. गुडघे पार झिजलेत, आता जमिनीवर बसणं बंद, म्हणाले.

नेमकं हेच तिला ऐकायचं नव्हतं. गल्लीत तेव्हा उडदाचे पापड चालू होते. रोज एकीच्या घरी बाकीच्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात. जी दुसऱ्यांकडे लाटायला जाते, तिच्याकडे सगळ्या येतात. आमचा दिवस अजून यायचा होता.

“डॉक्टर काय बोलले ते ऐकलंस ना?” मी ओरडले. ती पोळपाट काखोटीला मारून निघालीसुद्धा. या बाईपुढे काय डोकं फोडायचं! शेवटी वैतागून, त्या दिवशी ज्यांच्याकडे पापड होते त्या शेजारच्या काकूंना मी फोन केला आणि तिच्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितलं.

अर्ध्या तासात आई परत. पोळपाटाला पीठसुद्धा लागलेलं नव्हतं.

“काय झालं?”

“बठ्ठ्या खाले बसेल, आन् माले खुर्चीवर बसाडं. चहा दिन्हा. पाव्हनी करी टाकं माले.” ती पायरीवरच टेकली. “आते आपला पापड लाटाले मी त्यासले कोनता तोंडे बलावू?”

पापड विकत आणू की, असं मी म्हणणारच होते. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या शेजारी पायरीवर टेकले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही.