डेल्मरनं घेतलेला प्रेशर वॉशर

डेल्मर प्रेसनेलनं आयुष्यात एकच गोष्ट पूर्ण किमतीला घेतली, ती म्हणजे लग्नाचं लायसन्स, असं त्याचा मेहुणा हॉबर्ट सांगायचा. कोर्टातली बाई काही केल्या भाव कमी करेना! बाकी या माणसाचा सगळा संसार फाटक्या खोक्यातला, पोचा पडलेला, नाहीतर मागच्या वर्षीचा. फ्रीजचं दार उलट्या बाजूला उघडायचं आणि पिकअपचे दोन दरवाजे दोन रंगांचे होते.

लोक हसायचे, पण हसणाऱ्यांनी त्याचे जुने दिवस पाहिले नव्हते. खाली गावात खुर्च्यांचा कारखाना होता तेव्हा तो खुर्च्यांचे पाय तासायच्या यंत्रावर उभा असायचा. पगार आठवड्याचा, आणि आठवडा संपायच्या आत पगार संपलेला. त्या काळात लागलेली सवय कारखाना बंद पडला तरी सुटली नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

त्या वर्षी वसंतात पाऊस हटता हटेना. घराच्या उत्तरेच्या भिंतीवर खालपासून वळचणीपर्यंत हिरवं शेवाळ चढलं. मागच्या पायऱ्या तर अशा बुळबुळीत झाल्या की कुत्रासुद्धा जपून उतरायचा. एरवी हे काम त्याच्या बायकोचं, नोव्हेलाचं. लांब दांड्याचा ब्रश आणि ब्लीचचं पाणी घेऊन ती दर मे महिन्यात भिंती घासायची. पण हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती अजून वॉकर धरून चालत होती. त्यात डेकोरेशनचा रविवार तोंडावर आला. त्या दिवशी आमच्याकडे जो तो आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं घालायला डोंगरावर येतो. टेनेसीतले, जॉर्जियातले नातेवाईक आदल्या दिवशीच उतरतात आणि निम्मे तरी प्रेसनेलांच्या घरी.

"घर बघ कसं दिसतंय," नोव्हेला पोर्चवरून म्हणाली. "जशी आपण दोघं मेलोय आणि कुणी कळवलंच नाही."

"बघतो काहीतरी."

"बघतो म्हणू नकोस, कर. आणि डेल्मर..." तिचा आवाज जरा खाली आला. "वर दगडाचं पण तेवढं करशील? मला यंदा चढता यायचं नाही. मऊ ब्रशनं कर. नुसत्या पाण्यानं."

"करीन," तो म्हणाला, आणि दोघांनी तो विषय तिथंच सोडला. त्या दगडाबद्दल त्या घरात याहून जास्त कधी बोललं जात नसे.

दगड म्हणायचा, पण तो दगड नव्हताच. त्यांची पहिली मुलगी झेला तीन आठवड्यांची होऊन गेली, तेव्हा थडग्यावर ग्रॅनाइटचा दगड बसवायची ऐपत नव्हती. पोर्चच्या कामातून उरलेलं सिमेंट डेल्मरनं ढकलगाडीत कालवलं आणि फळ्यांच्या साच्यात ओतलं. ते ओलं असताना नोव्हेलानं गुडघ्यावर बसून खिळ्यानं नाव कोरलं. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. अक्षरं एका बाजूला चढत गेलेली, शेवटचं तर काठाला चिकटलेलं. पुढं दोन मुलगे झाले, बरे दिवस आले, तेव्हा डेल्मर एकदा म्हणाला होता की आता चांगला दगड घेऊ, कारागिराकडून नाव कोरून घेऊ. नोव्हेलानं भांडी घासता घासता नाही म्हणून मान हलवली. "ते माझ्या हातचं आहे. राहू दे," एवढंच म्हणाली. त्या पोरीचा फोटो नव्हता. तिची म्हणावी अशी खूण जगात तेवढी एकच होती.

तर डेल्मर प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा मारून मळ काढणारं मशीन, घ्यायला गावात गेला. दुकान ट्वायलाचं. तिचा बाप कारखान्यात डेल्मरच्या शेजारच्या यंत्रावर होता, म्हणून ती त्याला काका म्हणायची. तिनं त्याला सरळ विजेवर चालणाऱ्या लहान मशीनपाशी नेलं.

"काका, तुमच्या घराला हे पुष्कळ झालं. हलकं आहे, आवाज नाही, पेट्रोलची कटकट नाही. भिंत, पायऱ्या, पोर्च, गाडी, सगळं होतं. थोडा वेळ जास्त लागेल, पण तुम्हाला कुठं ऑफिसला जायचंय?"

"आणि ते?" डेल्मरची नजर कोपऱ्यात गेली होती. तिथं एक पेट्रोलवरचं धूड उभं होतं, खोका फाटलेला, वर लाल चिठ्ठी.

"ते मागच्या वर्षीचं. रस्त्यावरचा डांबराचा डाग काढायला ठीक आहे. घराला कशाला हवाय एवढा राक्षस? भिंतीवर ठोकलेल्या पट्ट्या उपटून ठेवाल."

"पण किमतीत फरक तर नावाला दिसतोय."

"किमतीत नसेल, जोरात आहे ना! दुप्पट मारतं ते."

आता बघा, याच्यासारख्या माणसाला असं सांगायचं असतं होय? दुप्पट जोर, जवळपास त्याच पैशात! डेल्मरचे डोळेच चमकले. वर त्याच्या डोक्यात आणखी एक गोष्ट घोळत होती.

"त्या विजेच्या मशीनला प्लग लागणार ना? आणि नळ?"

"लागणारच की."

"आणि हे टाकीतलं पाणी ओढतं? जिथं नळ नाही तिथं?"

"ओढतं. पण नळ नाही अशा ठिकाणी तुम्हाला काय धुवायचंय?"

"काही नाही. असंच विचारलं."

हे त्याचं चुकलं. तिथं तोंड उघडून म्हणाला असता, की बाई गं, डोंगरावर एक जुना सिमेंटचा दगड आहे, तर ट्वायलानं त्याला ते मशीन विकलंच नसतं, हाताला धरून बाहेर काढलं असतं. पण मुलीच्या थडग्याबद्दल दुकानात उभं राहून बोलणाऱ्यातला डेल्मर नव्हता. तो घरीही बोलत नव्हता, तर दुकानात काय बोलणार! त्यानं राक्षस पिकअपमध्ये चढवला आणि शीळ घालत घरी आला.

खरं सांगायचं तर मशीननं काम झकास केलं. ट्वायलानं बजावलं होतं तसा तो भिंतीपासून लांब उभा राहिला, रुंद फवाऱ्याचं नोझल लावलं. हिरवी भिंत पट्ट्यापट्ट्यानं पांढरी होत गेली. पायऱ्या अशा निघाल्या की नोव्हेला वॉकर घेऊन मुद्दाम मागच्या दारात आली.

"अगं बाई! या पायऱ्यांचा रंग असा होता?"

"मग! मी ओतलेल्या आहेत."

ती हसली. ऑपरेशनपासून ती अशी मोकळी हसली नव्हती. ते हसू बघून डेल्मरला वाटलं, हिला वरचाही दगड असाच पांढराशुभ्र करून दाखवायचा. तिनं मऊ ब्रश सांगितला होता, हे तो विसरला नव्हता. ब्रशनं ते काळं कधी पूर्ण निघालंच नव्हतं. यंदा तिला रविवारी गाडीनं वर न्यायचं, आणि तिनं बघावं तर दगड कालच ओतल्यासारखा. त्यात हॉबर्टनं फोनवर हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "दाजी, आईबाबांचा दगड मी गेल्या वर्षी असाच धुतला. चकाचक निघाला. तुम्ही बिनधास्त मारा." हॉबर्टच्या आईबाबांचा दगड ग्रॅनाइटचा होता. हा फरक दोघांपैकी एकालाही सुचला नाही.

शुक्रवारी सकाळी पिकअपमध्ये पाण्याची टाकी आणि मशीन घालून डेल्मर डोंगरावर गेला. वर कुणी नव्हतं. इंजिन चालू केलं आणि फवारा दगडावर धरला. वर्षानुवर्षांचं काळं वितळल्यासारखं सुटलं आणि खालून पांढरं दिसायला लागलं. त्याला इतका आनंद झाला की तो दोन पावलं पुढं सरकला. अक्षरांच्या खाचांत काळं अडकून बसलं होतं, ते निघावं म्हणून आणखी जवळ गेला. खाली वाहणारं पाणी राखाडी झालं. त्याला वाटलं मळ निघतोय. मग बुटांपाशी वाळू साचलेली दिसली, तेव्हा त्यानं मशीन बंद केलं.

दगड पांढरा झाला होता. त्याच्या तोंडावरचा गुळगुळीत थर गेला होता आणि आतली बारीक खडी वर आली होती. नाव नव्हतं.

त्यानं हातमोजा काढून बोटं फिरवली. एकदा वरून खाली, एकदा आडवी. सगळीकडे सारखंच खरखरीत लागत होतं. मग तो तिथंच ओल्या गवतात बसला. सिमेंट कमी होतं म्हणून त्या दिवशी त्यानं ढकलगाडीत वाळू जास्त घातली होती, हे त्याला आत्ता आठवलं. तेव्हाही काटकसर केली आणि आताही काटकसरच नडली. पोरीचं नाव बापानं आपल्या हातानं पुसलं, असं तो मोठ्यानं म्हणाला आणि रडला. गडी म्हातारा झाला होता, पण लहान पोरासारखा रडला.

घरी आला तेव्हा नोव्हेला स्वयंपाकघरात रविवारसाठी अंडी सोलत बसली होती. लपवालपवी त्यानं केली नाही, एवढं श्रेय त्याच्या पदरात टाकायला हवं. दारातच टोपी काढून उभा राहिला.

"नोव्हे, नाव गेलं."

"कसलं नाव?"

"दगडावरचं. मी मशीन लावलं. सगळं गेलं, गं."

तिच्या हातात अर्धं सोललेलं अंडं होतं. ते तिनं हळूच वाडग्यात ठेवलं.

"मी ब्रश म्हणाले होते."

"हो."

"मऊ म्हणाले होते."

"तुला पांढरा करून दाखवायचा होता."

"मला पांढरा नको होता, डेल्मर!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेर कुत्रा भुंकायला लागला. "कधी मागितला होता मी पांढरा? माझ्या हातचं होतं ते. तेवढंच होतं माझ्याकडे!"

तो काहीतरी बोलायला गेला, की आपण चांगल्यातला दगड आणू, कितीही पडू देत. पूर्ण किमतीला, असंही म्हणाला बिचारा. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. "जा इथनं," ती म्हणाली. तो पोर्चवर जाऊन बसला. शनिवारी पाहुणे आले, घर भरलं, आणि जो येईल तो भिंतीकडे बघून म्हणे, "वा डेल्मर, घर अगदी नवं केलंस!" प्रत्येक वेळी तो मान खाली घालायचा. नोव्हेला पाहुण्यांशी बोलत होती, त्याच्याशी नाही.

रविवारी सगळे डोंगरावर जमले. थडग्यांवर ताजी माती ओढली होती, फुलं घातली होती, खाली झाडांच्या सावलीत लांब टेबलांवर ताटं झाकून ठेवलेली होती. जेवणाआधी आमच्याकडे नावं घ्यायची पद्धत आहे. प्रीचर, म्हणजे आमच्या चर्चचा धर्मोपदेशक, प्रत्येक थडग्यापाशी थांबतो, घरचं कुणीतरी गेलेल्याचं नाव मोठ्यानं घेतं आणि सगळे क्षणभर गप्प राहतात. झेलाचं नाव दर वर्षी नोव्हेला घ्यायची. डेल्मर शेजारी टोपी हातात धरून बुटांकडे बघत उभा असायचा. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. त्याच्या मुलांनीसुद्धा नाही.

लोक त्या पांढऱ्या कोऱ्या दगडापाशी आले आणि कुजबुज थांबली. हॉबर्टचा चेहरा पडला. मुलांनी नोव्हेलाला घडीच्या खुर्चीवर बसवलं होतं. प्रीचर तिच्याकडे बघत थांबला.

"सिस्टर नोव्हेला?" चर्चमध्ये सगळ्या बायकांना म्हणतात तसं त्यानं विचारलं.

"मी नाही घेणार," ती म्हणाली. "आजवर मी लिहिलं आणि मीच घेतलं. आता लिहिलेलं नाही. त्याला घेऊ दे."

सगळ्यांच्या नजरा डेल्मरकडे वळल्या. त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. ओठ हलले, आवाज फुटेना. मोठा मुलगा पुढं होऊन बापाच्या ऐवजी बोलायला निघाला, तर नोव्हेलानं हात आडवा केला आणि त्याला थांबवलं. लहान पोरं चुळबुळायला लागली.

"झेला," डेल्मर म्हणाला. ते इतकं हळू होतं की पुटपुटल्यासारखं वाटलं. मग जणू बांध फुटला. "झेला मे प्रेसनेल. माझी मुलगी. माझं बोट धरायची. धरलं की सोडायची नाही. कामावर जाताना मला ते सोडवून घ्यावं लागायचं."

हे नोव्हेलालाही माहीत नव्हतं. तो पहाटे कामावर निघायचा, तेव्हा नोव्हेला झोपेत असायची. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि जरा पुढं वाकली.

"मोठ्यानं म्हण," ती म्हणाली. "मागं ऐकू गेलं नाही."