उजेडाचा ळ

गल्लीत त्यांना सगळे पेंटर म्हणत आणि घरात सून बाबा म्हणे. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. पट्टी न लावता सरळ ओळ ओढणारा माणूस. पुढे छापील फ्लेक्स आले, कामं आटली, तरी पेंटर डगमगले नाहीत. "फ्लेक्स उन्हात विटतो, माझा रंग विटत नाही," म्हणायचे. मग उजवा हातच थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. पेंटरांनी ब्रश धुऊन माळ्यावर टाकले. सही करायची वेळ आली की आयुष्यभर अक्षरांवर जगलेला हा माणूस मुकाट्याने अंगठा पुढे करू लागला.

सून इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका" सांगून तिचा जीव विटायचा, म्हणून की काय, सुट्टीच्या दिवशी तिला हलणारंच काहीतरी टिपायचं असे. कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवलं की नळाच्या धारेचं रेशीम होतं, गाड्यांच्या दिव्यांच्या दोऱ्या होतात. नवरा चिडवायचा, "आमच्या घरात कॅमेरा आहे, पण फोटोत माणूस दिसेल तर शपथ!"

एका रविवारी दुपारी तिने अडगळीच्या खोलीच्या खिडकीवर घोंगडी टांगून अंधार केला. तिपाईवर कॅमेरा बसवला, शटर उघडलं आणि काळे कपडे घालून छोट्या विजेरीने हवेत अक्षर काढलं. अशा फोटोत उजेडाची रेघ तेवढी उमटते, काढणारा दिसत नाही. अक्षर उलटं येतं, पण ते संगणकावर सुलटं करता येतं.

पेंटर काहीतरी शोधायला आत आले आणि तिच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावले.

"हे काय, गांडूळ?"

"ळ आहे, बाबा."

"ळ असा असतो होय? आण ती बॅटरी इकडे."

हाताचं दुखणं ते त्या क्षणी विसरलेच. तिने शटर उघडलं, त्यांनी सावकाश ळ काढला. फोटोत अक्षराची ठेवण अस्सल होती, दोन्ही गाठी तोलात होत्या. पण रेघ मात्र करवतीच्या दात्यांसारखी. पेंटरांनी एकदा पाहिलं, विजेरी खाली ठेवली आणि निघून गेले.

तो फोटो पुसायला तिचं मन होईना. खरं सांगायचं तर तिला तो आजवरचा आपला सगळ्यात चांगला फोटो वाटला. तिने काळोख आणखी गडद केला, उजेडाला मधाचा रंग चढवला. हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाचं वाचनालयात प्रदर्शन होतं, तिथे तो लावला. लोक थबकून बघत होते. "काय जीव आहे या थरथरीत!" कुणीतरी म्हणालं. ती हुरळली आणि काही न सांगता सासऱ्यांना घेऊन गेली.

पेंटर हात खिशात घालून फोटोसमोर उभे राहिले.

"खाली माझं नाव घातलंस?"

"नाही, बाबा."

"बरं केलंस."

घरी आल्यावर ते बोलले. "अगं, तुम्हाला ही थरथर छान दिसली. मला ती रोज उठल्याबरोबर भेटते. असलं अक्षर मी कुणाच्या दुकानावर सोडलं असतं, तर गिऱ्हाइकाने मला शिडीवरून खाली ओढलं असतं."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मी आधी विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," पेंटर म्हणाले, आणि पाठ फिरवून आडवे झाले.

तिने दुसऱ्याच दिवशी फोटो उतरवला. काही दिवस दोघांत कामापुरतं बोलणं राहिलं. मग एका संध्याकाळी ती संगणकावर फोटो निवडत असताना पेंटर खुर्ची ओढून शेजारी बसले.

"तुझ्या या यंत्रात अक्षर पुसता येतं?"

"सरळही करता येतं. रेघ गुळगुळीत करून देऊ?"

"तू केलीस तर ती तुझी. मी विचारतोय, फडकं आहे का? बोर्डावर काय पहिल्याच हाताला बसायचं सगळं? चुकलं की रॉकेलच्या फडक्याने पुसायचं आणि पुन्हा ओढायचं."

तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. अक्षर एका फोटोत कशाला हवं? एका फोटोत एकच फटकारा काढायचा. फसला तर टाकायचा, जमला तर ठेवायचा. शेवटी जमलेले सगळे फोटो एकावर एक ठेवून त्यांतला उजळ भाग तेवढा घ्यायचा. काळोखात काळोख मिसळतो, रेघा उरतात. फक्त तिपाईला कुणाचा धक्का लागता कामा नये.

अंधारात पुढचा फटकारा नेमका कुठून सुरू करायचा, हे पेंटरांनीच सोडवलं. त्यांनी काळा दोरा ताणून बांधला, त्याला गाठी मारल्या आणि डाव्या हाताने त्या चाचपू लागले. खांद्यातून झटक्यात ओढलं की उजवा हात क्षणभर गप्प बसतो, हेही त्यांच्या लक्षात आलं.

निवडायला बसले की सून रडकुंडीला यायची. "बाबा, हा तर किती चांगला आहे!"

"चांगला आहे, बरोबर नाही. टाक."

कित्येक रविवार असे गेल्यावर ळ पुरा झाला. गोल, भरीव, जागच्या जागी बसलेला. पेंटर बराच वेळ पाहत राहिले. डोळे भरले होते, पण तोंडाने म्हणाले, "शेपटी जरा लांबली." आणि मग, "लाव आता कुठे लावायचा तो. नाव उजव्या कोपऱ्यात घाल, बारीक."

दुखणं काही थांबलं नाही. वर्ष सरता सरता खांद्यातूनही हात ऐकेनासा झाला. तेव्हा सुनेने कॅमेऱ्याला लांब वायरीचं बटण जोडून त्यांच्या हातात दिलं. हात कितीही थरथरला तरी तिपाईवरच्या कॅमेऱ्यापर्यंत ती थरथर पोचत नव्हती. आता ती काळ्या कपड्यांत विजेरी घेऊन उभी राहते आणि पेंटर खुर्चीत बसून बटण दाबतात. मध्येच अंधारातून आवाज येतो, "अगं, कोपर का आखडतेस? अक्षर काढतेस की डास मारतेस?" ती हसायला लागते, रेघ फसते, आणि पेंटर नवा फोटो सुरू करतात.