पाहुणीचा मुलगा

आमचे हे कम्युनिस्ट, गिरणीतले पुढारी. रशियात बाई कशी मोकळी आहे, हे मला रोज ऐकवायचे. मी माहेरी निघाले की मात्र थोरल्याला ठेवून घ्यायचे, म्हणजे मी लवकर परतावं.

एकदा रशियाची एक बाई दुभाष्याला घेऊन घरी जेवायला आली. तिला एक मुलगा आहे, असं बोलण्यात निघालं. मुलाला काहून नाही आणलं, असं मी भीतभीत विचारलं. दुभाष्यानं खाली बघत तिचं उत्तर सांगितलं, "मूल घरी ठेवलं, तरच सरकार बाहेर सोडते."

यांनी जन्मात पहिल्यांदा उठून कुणाला भाजी वाढली.

दिवाळीला निघताना हे म्हणाले, "थोरल्याले राहू दे वं."

"काहून जी? आपल्या घरी रशियाचं सरकार हाय काय?"

हे पेपरात तोंड घालून बसले. मी दोन्ही मुलं घेऊन गेले आणि सांगितल्यापेक्षा जास्तच राहिले.