पुसलेले बाण

माझा थोरला भाऊ चौतीस वर्षं पोस्टमन होता. त्यामुळे मला रस्त्यात अडवून "तू त्या पोस्टमनचा धाकटा ना?" असं विचारलं नाही असा माणूस गावात सापडायचा नाही. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि फ्रेममध्ये बसवतो. निम्म्या गावाला समोरचं दिसतं ते माझ्या हातामुळे. पण ओळख सांगायची वेळ आली की मी पोस्टमनचा धाकटा.

लहानपणी घरात एकच सायकल होती. दादा सीटवर आणि मी कॅरिअरवर. तो ओरडायचा, "बघ, बघ, समोर बघ!" आणि माझ्यासमोर असायचा त्याचा घामाने भिजलेला सदरा. जग मी पाहिलं ते त्याच्या पाठीच्या दोन बाजूंनी उरलेलं. हे मी पन्नाशी उलटली तरी विसरलेलो नाही. मनात धरून ठेवायलाही काही मर्यादा असते, असं बायको म्हणते. असेल.

रविवारी सकाळी आम्ही सातआठ जण सायकली काढतो. बेकरीवाला, शाळेतल्या बाई, आणखी काही मंडळी. पुढे अर्थातच दादा. कुठली गल्ली कुठे निघते, कुठल्या घरचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला पोटरी धरतो, सगळं त्याच्या डोक्यात. लोक त्याला 'वाटाड्या' म्हणतात. सगळ्यांच्या मागे मी, आणि मागच्याला म्हणतात 'शेपूट'.

सगळ्यांचा वेग सारखा नसतो, म्हणून दादाने एक पद्धत घालून दिली होती. फाटा आला की तो उतरायचा आणि रस्त्याच्या कडेला खडूने बाण काढायचा. खडू बाई शाळेतून आणायच्या. मागून येणाऱ्याने बाण बघायचा आणि वळायचं. शेवटी शेपटाने बाटलीतलं पाणी ओतून बाण बुटाने पुसायचा, नाही तर पुढच्या रविवारी शिळा बाण बघून कुणी तरी भलतीकडे जायचं. सतरा वर्षं माझा उजवा बूट ओला आहे.

आता कबूल करण्याजोगी गोष्ट. गेलं वर्षभर त्या बाणांचं काही तरी बिनसलं होतं. बाकीचे बाणावर नजर टाकून निघून जातात, वाकून बघतो तो मी एकटा. लाकडाच्या वखारीजवळच्या तिठ्यावर उजवीकडचा बाण ठळक होता, पण त्याच्याशेजारी डावीकडचा एक, घाईघाईने पायाने फासलेला. पुढच्या महिन्यात असे तीन. एकदा तर सरळसोट रस्त्यावर, जिथे वळायला साधी पायवाट नाही, तिथे बाण. कशासाठी? तर सरळ जा म्हणून. मला आतून गुदगुल्या व्हायच्या. वाटाड्या चुकायला लागला! मी पाणी ओतायचो, पुसायचो आणि पुढे जायचो. कुणाला बोललो नाही. वेळ येईल तेव्हा बोलू, म्हणून राखून ठेवलं होतं.

मग मी ते यंत्र घेतलं. काड्यापेटीहून थोडं मोठं, हँडलवर बसवायचं. त्याला उपग्रहावरून आपली जागा कळते, ते नकाशा दाखवतं, वळण आलं की शिट्टी मारतं. बायकोने उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे आता भाऊजींच्या ऐवजी याच्या मागे जायचं."

पहिला महिना मी त्याच्याशी भांडण्यात घालवला. रस्ता फोनवर आखायचा आणि यंत्रात पाठवायचा, पण त्या दोघांचं अबोला धरलेल्या जावांसारखं. ही हाक मारते तेव्हा तिला ऐकू येत नाही. उन्हात पडदा काळाठिक्कर. घामेजल्या बोटाला दाद द्यायचं नाही, आणि घामाचा थेंब पडला की मात्र आपसूक पान बदलायचं. चढ लागला की नकाशा जाऊन चढाचं चित्र यायचं, जसं काही मला चढ दिसतच नव्हता. वळणाची शिट्टी वळण मागे गेल्यावर. आणि मग 'मार्ग सोडला, मागे वळा' म्हणून ठणाणा. एकदा त्याने मला थेट पायऱ्यांवर नेऊन उभं केलं. बेचाळीस पायऱ्या. मी सायकल खांद्यावर घेऊन उतरलो. मागे फिरलो असतो तर दुसरा रस्ता दादाला विचारावा लागला असता.

वर्षातून एकदा आम्ही तलावापर्यंत जातो. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. त्या फेरीत पुढे असणं म्हणजे मान. आदल्या रविवारी बेकरीसमोर चहा पिताना मी घसा साफ करून म्हणालो, "यंदा मी पुढे जातो. सगळा रस्ता यात भरलाय."

"तुझा तो पोपट?" बेकरीवाला हसला. "तो आम्हाला तलावावर नेण्याऐवजी तलावात नेईल."

मी दादाकडे बघत होतो. माझी तयारी पूर्ण होती. तो नाही म्हणाला असता तर मी सगळ्यांसमोर त्या फासलेल्या बाणांचा हिशेब मांडणार होतो. पण दादा लगेच म्हणाला, "बरं झालं. तू चल पुढे, मी शेपूट होतो." आणि खिशातून कोरा खडू काढून माझ्या हातात ठेवला. "बाण तेवढे काढत जा हं."

माझा जळफळाट झाला. सतरा वर्षं ज्या जागेसाठी मी झुरलो, ती त्याने बसमधली सीट द्यावी तशी दिली. साधं भांडावं एवढीही माझी किंमत नव्हती.

त्या रविवारी मी पुढे होतो. समोर कुणाचीही पाठ नव्हती. नुसता रस्ता, आणि पहिल्या अर्ध्या तासात मी इतका खूश होतो की शिट्टी चुकीच्या वेळी वाजली तरी मी तिला बरोबर म्हणत होतो. खडू खिशातच होता. सगळ्यांच्या फोनवर मी नकाशा पाठवलेला, मग खडू कशाला उगाळायचा? दादाचा फोन बटणांचा, तोही घरी. पण तो वाटाड्या. त्याला बाण कशाला हवेत?

तलावावर मी पहिला पोहोचलो. यंत्राने टुणटुण वाजवून अभिनंदन केलं. मग बेकरीवाला आला, बाई आल्या, उरलेले दोघंदोघं करत आले. दादा आला नाही. अर्धा तास झाला, पाऊण झाला.

"वाटाड्या हरवला!" मी म्हणालो, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. चांगला पोटभर झाला.

बाई हसल्या नाहीत. "ते असे मागे राहत नाहीत," त्या म्हणाल्या. "घरी फोन लावा."

मी वहिनीला फोन लावला. दादा घरी आलाय का, एवढंच विचारलं.

"भाऊजी, तुम्ही त्यांच्या मागे नाही?"

"आज पुढे आहे मी."

 तिने लगेच विचारलं, "बाण काढलेत ना?"

मी खिशातला खडू चाचपला. ती घाईघाईने बोलू लागली. डॉक्टरांनी सांगितल्याला वर्ष होत आलं. आधी माणसांची नावं जात होती, आता रस्तेही जातात. ती त्यांना एकटं कुठे सोडत नाही, एक रविवार सोडून. "तुम्हाला सांगते म्हटलं तर म्हणायचे, त्याला सांगायला कशाला हवं, त्याला सगळं ठाऊक आहे. मी चुकलो की धाकटा मागून गुपचूप पुसतो, कुणाला कळू देत नाही."

मी सायकल फिरवली. बेकरीवाला बरोबर येतो म्हणाला, पण मी थांबलो नाही. यंत्र लगेच ओरडायला लागलं, मार्ग सोडला, मागे वळा, मार्ग सोडला. मी कुठून आलो ती रेघ त्याच्यात होती. दादा कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं. मला मात्र माहीत होतं, कारण फासलेले बाण सर्वांत जास्त कुठे असायचे ते मी वर्षभर वाकून बघितलं होतं.

वखारीजवळच्या तिठ्यावर तो उभा होता. एक पाय जमिनीवर, हातात झाकण उघडलेली पाण्याची बाटली, नजर रस्त्याच्या कडेला. तीन रस्त्यांच्या तिन्ही कडा त्याने बघितल्या असणार, कारण धुळीत त्याच्या बुटाचे ठसे गोल गोल फिरलेले होते. उजवा बूट कोरडा होता.

मला बघून त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "आलास? मी म्हटलंच, येईल. खडू संपला असणार तुझा."

"हो," मी म्हणालो. "संपला."

"मला वाटलंच. नाही तर तू विसरायचा नाहीस."

आयुष्यभर मी या माणसाचा हेवा केला. त्याची सायकल, त्याची जागा, त्याचं नाव. त्या तिठ्यावर मला हेवा वाटला तो वेगळ्याच माणसाचा. दादाच्या डोक्यात एक धाकटा राहतो. तो मागून येतो, भावाच्या चुका झाकतो, कुणाला बोलत नाही. तिथले रस्ते पुसत चालले तरी तो अजून शाबूत आहे. आणि त्या धाकट्याला मी कधी भेटलेलो नाही.

"चल, तू पुढे हो," दादा म्हणाला. "पण बाण काढून जा. मी त्याच्या मागे येतो."

दुसरा इलाज नव्हता. मी खिशात हात घातला आणि खडू बाहेर काढला. अख्खा, कोरा, त्यानेच दिलेला. दादाने तो बघितला. मी मान वर केली नाही.

"अरे वा," तो खुशीत म्हणाला, "आहे की अजून!"

मी वाकून उजवीकडे बाण काढला. मागून यायला कुणीच उरलं नव्हतं, तरी दादाने नीट पाणी ओतलं आणि बुटाने तो पुसून टाकला.